एकदाच विचारायचं

"काय झालं ते सांगून द्या. घाबरायचं असलं तर मी घाबरीन, ते माझं मी पाहून घेईन," असं विनता सबनीस एकदा म्हणाली होती. म्हणाली नवऱ्याला, पण पाहत होती डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेकडे. काचेखाली कुणाच्या तरी लग्नाचा फोटो होता. अच्युत सबनीस तेव्हा हसला होता. डॉक्टरांकडे पाहून त्याने खांदे उडवले, म्हणजे बघा, हे असं आहे. त्या वाक्याचं वजन त्याला कळायला आणखी वर्ष जावं लागलं.

विनताने जबलपूरच्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. वर्गात ती कधी घाबरली नाही. खडू हातात असेपर्यंत जग सरळ असायचं. भीती स्टाफरूममध्ये पर्सशेजारी बसून राहायची आणि शाळा सुटली की तिच्याबरोबर राइट टाउनमधल्या घरी यायची. मग जिन्यातून दोनदा परत वर जाऊन गॅस बंद आहे ना हे बघणं, फोन वाजला की हात गार पडणं, मुलगी मेघना बंगळुरूच्या गाडीत बसली की ती उतरेपर्यंत पोटात काही न जाणं. अच्युत वीज कंपनीतून साडेपाचला सुटायचा. पावणेसहाला ती गॅलरीत उभी असायची, आणि त्याला फाटकाशी पाहून तिला आनंद व्हायचा नाही, फक्त सुटका व्हायची. हा फरक त्याला कळत असे. लग्नाच्या सुरुवातीला त्याचं त्याला वाईट वाटलं, नंतर सवय झाली.

ती विचारायची. तिचं सगळं आयुष्य एका प्रश्नात मावलं असतं: सगळं ठीक आहे ना? मेघना पोचली असेल ना? रिपोर्ट चांगला येईल ना? अच्युत म्हणायचा, हो. त्या होकाराची ऊब चहाच्या कपाइतकी टिकायची, की पुन्हा तोच प्रश्न. कधी तो चिडायचा, कधी वर्तमानपत्रामागून हुंकार द्यायचा. मराठी मंडळाच्या कोजागरीला चार लोकांत तो म्हणाला होता, "आमच्याकडे हवामान खातं घरातच आहे. वादळाचा इशारा रोज, वादळ कधी नाही." सगळे हसले. विनताही हसली आणि दूध वाटायला उठून गेली.

या भीतीला सुरुवात कुठे झाली हे तिला ठाऊक होतं. बी.एड.ला ती नागपूरला होस्टेलवर होती. एक दिवस काका आले, बाबांना जरा बरं नाही, चल म्हणाले. बसमध्ये त्यांनी तिला संत्री सोलून दिली, सगळ्या वाटेवर सगळं ठीक असल्याचं सांगत राहिले. तिलवाऱ्याचा पूल आला तेव्हा काकांनी नर्मदेला हात जोडले आणि ते हात बराच वेळ खालीच आले नाहीत. तिला कळलं. पण विचारायचं कसं? मझौलीच्या घराशी पोचली तर दारात गर्दी. त्या गर्दीतून तिचा थोरला भाऊ पुढे आला. त्याला सगळं गाव भय्यासाहेब म्हणे, अगदी मिसरूड फुटत होतं तेव्हापासून. त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "बाबा गेले, विनी. काल दुपारी. तुझ्यासाठी थांबता आलं नाही." तेवढं ऐकल्यावर तिला रडता आलं.

त्या दिवसापासून 'सगळं ठीक आहे' हे शब्द ऐकले की तिच्या छातीत काहीतरी घसरायचं. आणि त्या दिवसापासून जगात एकच माणूस असा होता, ज्याला ती दुसऱ्यांदा विचारत नसे. भय्याने सांगितलं म्हणजे ते तसंच.

मझौली काही दूर नाही. पनागर, सिहोरा, मग आत वळलं की मझौली. पण लग्नानंतर काही वर्षांनी माहेरी जाताना पनागरच्या अलीकडे बसमध्ये तिचा श्वास अडकला. आपण आत्ता मरणार अशी तिची खात्री झाली. तिने बस थांबवली, उतरली, आणि वांग्याच्या वाडीच्या कुंपणाला धरून उभी राहिली. लोक खिडक्यांतून बघत होते. त्यानंतर ती बसमध्ये चढली नाही. लग्नकार्याला अच्युत गाडी करायचा आणि ती डोळे मिटून पोचायची. एरवी भाऊच यायचा. भाऊबीजेला तर तो दरवर्षी यायचाच, बी-बियाण्याचं दुकान बंद ठेवून, पिशवीत काहीतरी हिरवं घेऊन. ओवाळून झालं की तो म्हणायचा, "कधी येशील, विनी? तुझ्या खोलीत आता माझी खताची पोती आहेत. येशील तर हलवतो." ती म्हणायची, "पोतीच राहू दे."

निवृत्तीनंतर तिचं वाढलं. छातीत धडधडायला लागलं म्हणून दोनदा दवाखान्यात नेलं. हृदय चांगलं निघालं. तिथल्याच एका डॉक्टरांनी मानसोपचारवाल्या डॉक्टर दुबेंचं नाव सुचवलं. अच्युतला ते आवडलं नाही. प्रतीक्षेच्या खोलीत मंडळातलं कुणी भेटलं तर काय सांगायचं, म्हणून तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला. विनता सरळ बसली होती. तिला आता कुणी पाहिलं तरी चालणार होतं.

डॉक्टर दुबे वयाने मेघनाएवढ्या. त्यांनी तिला घाबरू नका असं सांगितलं नाही, हेच तिला पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांनी विचारलं, कुकरची शिट्टी झाली की तुम्ही काय करता? विनता म्हणाली, गॅस कमी करते. बस, डॉक्टर म्हणाल्या. शिट्टी म्हणजे कुकर फुटणं नव्हे. तुमचं शरीर लवकर शिट्टी देतं. ती होऊ द्यायची, पळायचं नाही. श्वास सोडताना घाई करायची नाही, गरम दूध फुंकतो तसा हळू सोडायचा. आणि जिथे जायची भीती वाटते तिथे थोडं थोडं जायचं.

मग त्या अच्युतकडे वळल्या. तो होकार देत राहतो, तोच तिचा आजार वाढवतो, हे त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं. जितक्यांदा 'हो' मिळतो तितकी तिची स्वतःवरची खात्री कमी होते. म्हणून आता एक नियम. "ये एक बार पूछेंगी, और आप एक बार सच बताएंगे। अच्छा हो, बुरा हो, जो भी हो। उसके बाद ये नहीं पूछेंगी, आप नहीं बताएंगे।"

तेव्हा विनता ते वाक्य म्हणाली. काय झालं ते सांगून द्या.

नियम पाळणं सोपं नव्हतं. पहिल्या महिन्यात ती प्रश्न तोंडात घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायची. अच्युतला ते दिसायचं. ओठ हलायचे, मग ती तांदूळ निवडायला घ्यायची. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. मेघनाचं विमान आहे, तिने एकदा विचारलं, त्याने एकदा सांगितलं, आणि ती रात्रभर झोपली नाही पण विचारलं नाही. हळूहळू झोपायला लागली. गॅसकडे एकदा बघून जिना उतरायला लागली. पावसाळ्याच्या आधी ती दीनदयाल चौकातून बसने एकटी पनागरला गेली, भाजी घेतली, परत आली. तिच्या पदराला घामाचे पांढरे पट्टे वाळले होते आणि ती हसत होती.

"काहून हसून राहिली?" अच्युतने विचारलं.

"कुंपण नाहीये आता तिथं. पेट्रोल पंप झाला," ती म्हणाली.

असं हसताना त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. म्हातारपणी आपल्याला एक नवी बायको मिळाली असं त्याला वाटलं, आणि ती जाईल की काय अशी त्याला भीती वाटू लागली. त्याच्या आयुष्यातली बहुधा ही पहिलीच भीती. भीतीशी कसं वागायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

गणपती गेल्यावर मझौलीहून भय्यासाहेबांच्या बायकोचा, सत्यवतीवहिनींचा फोन आला. विनता खाली मंडईत गेली होती, म्हणून अच्युतने घेतला. भय्यासाहेबांना नागपूरला दाखवलं होतं. स्वादुपिंडात गाठ. डॉक्टरांनी हात वर केले होते, फार तर चार-सहा महिने म्हणाले होते. भय्यासाहेब स्वतः म्हणाले, घरी चला. विनीला सांगा, असंही ते म्हणाले होते. वहिनी फोनवर रडत नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, ताईंना कसं सांगायचं?

अच्युत म्हणाला, "मी सांगतो तिला."

ती मंडईतून आली. घाम पुसत तिने भोपळ्याचा भाव सांगितला. त्याने ठरवलं, जेवण झाल्यावर. जेवण झाल्यावर ती सिहोऱ्याच्या बसच्या वेळा विचारू लागली. त्याने ठरवलं, उद्या. उद्याचे आठ दिवस झाले. वहिनींचा पुन्हा फोन आला, ताईंना सांगितलं का? आता नाही म्हणणं त्याला अवघड झालं होतं. तो म्हणाला, हो, सांगितलं. मग ती येत का नाही, फोनवर त्याबद्दल का बोलत नाही, याचंही उत्तर द्यावं लागलं. तो म्हणाला, फार खचली आहे. बसमध्ये बसायचं म्हटलं की पूर्वीसारखं होतं. भय्यासाहेबांना म्हणावं, फोनवर दुखण्याचा विषय काढू नका, तिला सोसणार नाही.

त्याला हे खोटं वाटलं नाही. चार महिने आहेत, आपण दिवाळीनंतर सांगू, गाडी करून नेऊ, असंच त्याच्या मनात होतं. तिचं सुख थोडं लांबवत आहोत, असं तो स्वतःला सांगत होता.

भय्यासाहेबांनी विषय काढला नाही. रविवारी भाऊबहीण फोनवर नेहमीसारखे बोलले. तिने वाटाण्याच्या पेरणीचं विचारलं, त्याने पाऊस लांबल्याचं सांगितलं. मग त्याने विचारलं,

"विनी, येशील का?"

दरवर्षीचाच प्रश्न. या वर्षी मात्र तिच्याकडे त्याचं उत्तर होतं, आणि ते तिने साडीच्या घडीत ठेवावं तसं जपून ठेवलं होतं. भाऊबीजेला त्याने यायचं नाही, तिनेच जायचं. एकटीने, बसने, ताम्हण-निरांजन पिशवीत घालून, न सांगता. दारात त्याचा चेहरा कसा होईल हे ती रोज मनात पाहत होती.

"बघू रे," ती हसून म्हणाली. "माझं काय सांगावं?"

पलीकडे तो म्हणाला, बरं. राहू दे. सांभाळ स्वतःला.

तिने फोन ठेवला. मग अच्युतकडे आली. "भय्याचा आवाज बरोबर नाही वाटला. त्याला काही झालंय का?"

तिने एकदा विचारलं.

अच्युत म्हणाला, "सर्दी असेल. हवा बदलून राहिली."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. पूर्वीची विनता असती तर संध्याकाळपर्यंत तिने पन्नासदा विचारलं असतं, वहिनींना फोन लावला असता, शेजारच्या दुकानदाराला लावला असता, रडली असती, गाडी करा म्हणून हट्ट धरला असता. त्या वेडेपणाने तिला मझौलीला पोचवलं असतं. पण ती बरी होत होती. तिने श्वास हळू सोडला, ओठ मिटले आणि तांदळाचं ताट पुढे ओढलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या नियमाचा अर्धा भाग तिने शेवटपर्यंत पाळला. उरलेला अर्धा अच्युतचा होता.

दसऱ्यानंतर ती सिहोऱ्याला गेली. बस स्टँडवर चहा प्यायली. शेजारीच मझौलीची बस उभी होती, अर्धी रिकामी. कंडक्टर दारातून ओरडत होता, मझौली, मझौली, आओ दीदी, जगह है। ती उठली. एक पाय पायरीवर ठेवला. आज गेलं तर भय्या दुकानात असेल, तिला वाटलं. पण हात रिकामे, अंगावर रोजची साडी, आणि भाऊबीज पुढे होती. इतकी वर्षं थांबलो, आता शोभेने जाऊ. तिने पाय खाली घेतला. कंडक्टर म्हणाला, "क्या हुआ दीदी, डर गईं?" ती म्हणाली, "नहीं भैया, अगली बार।"

त्या वेळी तिचा भाऊ मझौलीच्या घरात, खताची पोती हलवून मोकळ्या केलेल्या तिच्या खोलीत झोपून होता. तिथे हवा चांगली येते म्हणून त्याने स्वतःच ती मागून घेतली होती.

सिहोऱ्याहून तिने शिंगाडे आणले. ते उकडून संध्याकाळी दोघं गॅलरीत सोलत बसले. बोटं काळी झाली. बस, पायरी, कंडक्टर, सगळं तिने अच्युतला सांगितलं. भाऊबीजेचा बेतही सांगितला. "भय्याला सांगू नका बरं. तुम्हाला राहवत नाही," ती म्हणाली.

अच्युतच्या हातात अर्धा सोललेला शिंगाडा होता. आत्ता सांगितलं तर उद्या पहिल्या बसने ती जाईल, हे त्याला स्पष्ट दिसलं. तिच्यासाठी गाडी करावी लागणार नाही, डोळे मिटावे लागणार नाहीत. ती घाबरेल आणि जाईल. मग ती त्यालाही विचारेल, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? त्या प्रश्नापाशी तो अडला. इतके दिवस तो तिच्या भीतीला जपत होता असं त्याला वाटत होतं. त्या संध्याकाळी काही क्षण त्याला दिसलं की तो स्वतःच्या भीतीला जपत होता. मग तिने वाटी पुढे केली आणि त्याने शिंगाडा तोंडात टाकला.

भय्यासाहेब धनत्रयोदशीच्या सकाळी गेले. चार महिने डॉक्टरांनी म्हटले होते, रोगाने म्हटले नव्हते.

विनता चिवड्याचे पोहे भाजत होती. अच्युत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून तिने गॅस बंद केला, हात पदराला पुसले.

"भय्या?"

त्याने मान हलवली. मग घाईने म्हणाला, "अचानक झालं. काही कळायच्या आत."

ती खाली बसली नाही, किंचाळली नाही. ओट्याला हात टेकून ती श्वास सोडत राहिली. ती पळाली नाही. अच्युतने हे पाहिलं आणि त्याला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळलं की ही बाई केव्हाच बरी झाली होती.

गाडीत ती डोळे उघडे ठेवून बसली. सिहोऱ्याशी एवढंच म्हणाली, "अचानक गेला तर त्याला त्रास नसेल झाला." तिने 'अचानक' हा शब्द हातात धरला होता, आणि अच्युतने तो तिच्या हातात राहू दिला.

मझौलीला पोचल्यावर तिला भय्याचा चेहरा दिसला. तो फार वाळलेला होता. अचानक गेलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, हे तिच्या लक्षात आलं असेल, पण ती बोलली नाही. पुरुष स्मशानातून परत आले, आंघोळी झाल्या. शेजारच्या घरून आलेली खिचडी कुणी खाल्ली, कुणी नाही. घरातल्या बायका आतल्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. अच्युत दाराशी खुर्चीवर होता. सत्यवतीवहिनी विनताजवळ सरकल्या आणि त्यांनी तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला.

"ताई, मनात काही ठेवू नका," त्या म्हणाल्या. "माझा राग नाही तुमच्यावर. त्यांनीच सांगून ठेवलं होतं, विनीला कोणी बोलायचं नाही म्हणून. बाबा गेले तेव्हापासून घाबरते ती, तिला यायला नाही जमलं, त्याचं तिलाच जास्त लागेल, म्हणाले. शेवटच्या आठवड्यात मात्र विचारायचे. गाडीचा आवाज आला की विचारायचे, विनी आली का?"

विनताने हात काढून घेतला नाही. "वहिनी, आजारी कधीपासून होता भय्या?"

"म्हणजे?" वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "गणपतीपासून. अच्युतरावांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

खोलीत कुणीतरी खोकलं. बाहेर कुणी बादली ओढत नेत होतं.

विनताने अच्युतकडे पाहिलं. त्याच्याकडे आता सगळं खरं तयार होतं. फोन, नागपूर, चार महिने, सर्दी, शिंगाड्याची संध्याकाळ. तिने एक शब्द विचारला असता तर त्याने काहीही लपवलं नसतं. आयुष्यभर ज्या प्रश्नाला तो कंटाळला होता, त्या प्रश्नाची तो वाट पाहत होता. तो आला नाही.

"तू आता कुठे बरी झाली होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं..."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांना कळलं होतं. आपल्या माणसाने विनीला तिने न केलेल्या चुकीसाठी माफ केलं होतं, तेही कळलं.

विनता उठली. तिने वहिनींच्या डोक्यावरून हात फिरवला. कोपऱ्यातली पर्स उचलली. ती दाराशी आली तेव्हा अच्युतने उठून खुर्ची मागे घेतली, तिला वाट दिली आणि गाडीवाल्याला हाक मारू का, असं विचारलं. ती त्याच्यासमोरून ओसरीवर गेली. तिथे बसलेल्या पुरुषांनी पाय आखडून घेतले. अंगणात तिने चपला शोधल्या, घातल्या, एकदा मोठा श्वास घेतला, तो सावकाश सोडला, आणि फाटक उघडून बस स्टँडच्या रस्त्याने एकटी निघून गेली.